बंपरला धडक बसली : दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. औसा, निलंगा, अहमदपूर, मुरुड, अंबाजोगाई अशा सगळ्या बाजूंनी गाड्या येतात. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली की पुढचे बंपर फुटलेल्या गाड्या वाढतात, कारण रात्री उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो आणि ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. सुदैवाने बहुतेक वेळा ब्रेक लागलेला असतो आणि धडक हलकी असते. माणूस धड असतो, बंपर गेलेला असतो. अशा वेळी लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

धडक बसली, बंपर लोंबकळतोय. गाडी तशीच चालवत घरी नेली तर चालेल का?

आधी गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर चालू करा. काहीही ओढून-ताणून बसवण्याआधी फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, नंबरप्लेट दिसेल असा एक, आणि रस्ता दिसेल असा लांबून एक.

मग खाली वाकून बघा. साधं स्वच्छ पाणी टपकत असेल तर ते बहुधा एसीचं असतं, त्याची चिंता नको. हिरवं, गुलाबी किंवा निळसर आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे. तेव्हा इंजिन चालू करू नका, गाडी उचलून न्या. आमच्याकडच्या उन्हात कूलंट गळणारी गाडी दहा किलोमीटर रेटली की बंपरचा खर्च राहतो बाजूला आणि इंजिनाच्या हेड गॅस्केटचा सुरू होतो.

गळती नसेल तर स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून चाक कुठे घासतं का ते ऐका. बोनेट वरून दाबून लॉक लागल्याची खात्री करा. अर्धवट लागलेलं बोनेट वेगात उचकटून काचेवर येतं, मग समोरचं काहीच दिसत नाही. खाली घासणारं प्लास्टिक सुतळीने किंवा केबल टायने घट्ट बांधा. एवढं झालं की हळू चालवत, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून गाडी नेता येते. काटा मधल्या खुणेच्या वर सरकला की थांबायचं.

बाहेरून नुसता ओरखडा आहे. तरी बंपर उतरवायचाच का?

हो. हे उत्तर मी दहा वेळा देतो आणि अकराव्यांदाही देईन.

बंपर म्हणून आपण जे बघतो ती गाडीची कातडी आहे. हे प्लास्टिक लवचीक असतं. धडकेत ते आत जातं आणि धडक संपली की परत जागेवर येतं. त्याच्या मागचा पत्रा मात्र परत येत नाही. कातडीच्या मागे धक्का शोषणारा फोम (काही गाड्यांत तोही नसतो), त्यामागे आडवा बार, मग रेडिएटर ज्यावर बसतो तो सपोर्ट, आणि त्यात पुढे एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर, त्यामागे पंखा. हॉर्न आणि काच धुण्याच्या पाण्याची टाकीही बहुतेक गाड्यांत तिथेच कोपऱ्यात असते.

मागच्या मे महिन्यात एक गुरुजी आले. बंपरवर उजव्या बाजूला बोटभर लांबीचा ओरखडा. म्हणाले, ‘उद्या नांदेडला लग्न आहे, नुसता रंगाचा हात मारून द्या.’ मी म्हटलं, अर्धा तास बसा, चहा घ्या, उतरवून बघू. बंपर खाली घेतला तर कंडेन्सरचा खालचा ब्रॅकेट तुटलेला, कंडेन्सर मागे सरकून रेडिएटरच्या जाळीला टेकलेला. गाडी हलली की अ‍ॅल्युमिनिअम अ‍ॅल्युमिनिअमवर घासायचं. रेडिएटरच्या दोन पट्ट्या झिजून चकाकत होत्या. भोक पडलं नव्हतं एवढंच. मे महिन्याचं ऊन, गाडीत बायको-मुलं, एसी चालू. लोह्याच्या पुढे-मागे कुठेतरी गाडी उकळली असती. ब्रॅकेट जोडून दिला, रंग नंतर केला. लग्नात ओरखडा कुणाला दिसला नसेल.

म्हणून क्रम असा ठेवा: उतरवा, मागचं बघा, ते दुरुस्त करा आणि मगच रंगाचं बोला. उतरवायला फार काही लागत नाही. वर जाळीपाशी क्लिपा, चाकाच्या खाचेत स्क्रू, खाली काही बोल्ट. जाणत्या हाताला अर्धा-पाऊण तास.

एअरबॅग उघडली नाही. म्हणजे सगळं ठीक आहे ना?

हलक्या धडकेत एअरबॅग उघडत नाही, ती तशीच बनवलेली असते. पण अनेक गाड्यांत धडकेचा सेन्सर पुढे रेडिएटर सपोर्टच्या आसपास बसवलेला असतो. मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा चालू राहत असेल तर रंगकाम थांबवा आणि आधी स्कॅनर (दोष वाचणारं यंत्र) लावून घ्या. पुढच्या भागात ठोकाठोक करण्यापूर्वी बॅटरीची तार काढायला सांगा. जो डेंटर ती न सांगता काढतो, तो चांगला डेंटर.

तुटलेला बंपर जोडता येतो, की नवाच घ्यावा लागतो?

बहुतेक वेळा जोडता येतो. सरळ तडा, फाटलेली कड, निघालेला कोपरा, चेपलेला भाग हे सगळं जोडण्यासारखं असतं. मी नवा घ्या म्हणतो ते तीन प्रसंगी. हेडलाईटजवळचे बसवणीचे कान मुळापासून तुटून हरवलेत, कारण कान नसले की फट कधीच सारखी बसत नाही. तुकडेच गायब आहेत. किंवा बंपर आधी दोनदा जोडलाय आणि आत लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, जाड थर आहे. असा बंपर हाताला जड लागतो आणि बोटाने वाजवला तर मातीच्या मडक्यासारखा आवाज देतो.

बाकी वेळी मूळ बंपर जपा. तो कारखान्यातून त्याच गाडीवर बसून आलेला असतो, त्याची बसवण बाजारातल्या स्वस्त बंपरला येत नाही. चांगला जोडलेला मूळ बंपर मी वाईट बसणाऱ्या नव्यापेक्षा केव्हाही वरचा मानतो.

बंपर कशाचा असतो?

आतल्या बाजूला साच्यातच अक्षरं उमटवलेली असतात, टॉर्च लावून वाचा. हल्लीच्या बहुतेक गाड्यांचा बंपर पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीनचा असतो, लवचीकपणासाठी त्यात रबराचा अंश मिसळलेला. जाळ्या आणि काही पट्ट्या एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकच्या असतात. हे कळणं का महत्त्वाचं, तर पीपीला पीपीच चिकटतं. त्यावर एबीएसची कांडी वितळवली तर वरवर बसल्यासारखी दिसते आणि पहिल्याच गतिरोधकाला सुटते. अक्षरं पुसली असतील तर आतून एक छोटी कपची काढून अ‍ॅसिटोन लावून बघतात. एबीएस चिकट होऊन विरघळतं, पीपीला काही होत नाही.

जोडतात कसं? फेविक्विक किंवा एम-सील चालेल का?

घरी पोचेपर्यंत तात्पुरतं चालेल. कायमचं नाही. पीपी हे मेणचट प्लास्टिक आहे, कुठलाही साधा गोंद त्यावर धरत नाही. उलट चिकटवलेला गोंद नंतर खरवडून काढण्यात आमचा तास जातो.

खरं जोडकाम असं. बंपर साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचा, कारण आतल्या बाजूला काळ्या मातीचा थर असतो आणि मातीवर टाका बसत नाही. तडा जिथे संपतो तिथे दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं. हे भोक सगळ्यांत महत्त्वाचं. ते नसेल तर तडा पुढे चालत राहतो, शेतातल्या भेगेसारखा. दोन्ही कडा सारख्या धरून आतून जागोजाग प्लास्टिक वितळवून टाके घ्यायचे, मग तड्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करायची. गरम हवेच्या गनने कड आणि पीपीची कांडी दोन्ही एकाच वेळी मऊ करत कांडी खाचेत दाबत न्यायची. कडेला बारीक चकाकी आली की समजायचं, आता एकजीव होतंय. धूर निघाला म्हणजे प्लास्टिक जळलं, तो भाग नंतर ठिसूळ होतो. आतून तारेची बारीक जाळी गरम करून दाबून बसवायची आणि तिच्यावर पुन्हा प्लास्टिकचा थर द्यायचा. कांडी नसली तर आम्ही भंगारातल्या त्याच जातीच्या बंपरची पट्टी कापून वापरतो, तीही उत्तम चालते.

आजकाल गरम पिना रोवण्याचं मशीन सगळीकडे आलंय. पिना धरून ठेवायला चांगल्या. पण नुसत्या पिना मारून वरून लांबी ओढली तर सहा महिन्यांत त्या जागी केसासारखी रेघ उमटते. तुमच्या बंपरची आतली बाजू रंग देण्याआधी मागून बघा. कुणी दाखवायला नाही म्हणू नये.

व्हिडिओत दाखवतात तसं उकळतं पाणी ओतून पोचा निघतो का?

निघतो, जर नुसता पोचा असेल आणि तडा नसेल तर. पाणी ओता, प्लास्टिक मऊ झालं की आतून हाताने दाबा, लगेच गार पाणी मारा. हातात जाड मोजे घाला. हीट गन वापरत असाल तर ती सतत हलती ठेवा, नाहीतर रंगाला फोड येतात. रंग आधीच तडकलेला असेल तर पोचा निघून रेघा तशाच राहतील.

रंग जुळत का नाही? पांढरी गाडी आहे, पांढरा तो पांढराच ना?

पांढऱ्यातच सगळ्यांत जास्त फसगत होते. गाडीचा रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली स्टिकरवर असतो, त्यावरून रंग मिसळतात. पण सहा-सात वर्षं लातूरच्या उन्हात उभी राहिलेली गाडी मूळ कोडाची राहिलेली नसते. त्यात बंपर प्लास्टिकचा आणि बोनेट पत्र्याचं, दोन्ही कारखान्यात बऱ्याचदा वेगवेगळे रंगवले जातात. नवी कोरी गाडीसुद्धा भर उन्हात तिरकी बघा, थोडा फरक दिसेल.

मेटॅलिक आणि पर्ल रंगात अजून एक गोष्ट आहे. त्यातले चमकीचे कण रंगाची गन किती लांबून, किती दाबाने मारली त्याप्रमाणे आडवे-उभे बसतात आणि छटा बदलते. म्हणून चांगला पेंटर आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारतो, वाळवतो, त्यावर क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारतो आणि तो तुकडा बोनेटला लावून उन्हात बघतो. तुम्हीही उन्हातच बघा. ट्यूबलाईटखाली सगळेच रंग जुळतात.

तीन महिन्यांत रंगाची सालं निघाली. पेंटरने फसवलं का?

फसवलंच असं नाही, पण एक पायरी गाळली असणार. उघड्या पीपीवर रंग धरत नाही. आधी प्लास्टिक प्रायमरचा पातळ हात लागतो. नव्या बंपरवर तर साच्यातून सहज निघावा म्हणून लावलेला मेणचट थरही असतो, तो धुतला नाही तर प्रायमरसुद्धा सुटतो.

दुसरं कारण आपल्या भागातलं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. बोअरचं पाणी. आपलं पाणी क्षाराचं. पाण्याच्या पेपरने (ओल्या पॉलिश पेपरने) घासून बंपर तसाच वाळू दिला की पांढरी भुकटी बसते. तिच्यावर रंग मारला की पावसाळ्यात ओल धरून बारीक बारीक फोड येतात. शेवटचा हात पिण्याच्या किंवा आरओच्या पाण्याने फिरवून लगेच स्वच्छ कापडाने पुसायचा, एवढंच करायचं असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा गॅरेजमध्ये पेपर भिजवायला पाणी मागायचीही लाज वाटायची. त्या वर्षी आम्ही कोरडं घासायला शिकलो. वेळ थोडा जास्त जातो, धुळीसाठी मास्क लागतो, पण क्षाराचा प्रश्नच मिटतो. आजही आम्ही बंपर कोरडाच घासतो.

कोणत्या ऋतूत रंग करावा?

थांबता येत असेल तर हिवाळ्यात. एप्रिल-मे मध्ये दुपारी रंग मारला तर थिनर हवेतच उडतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, म्हणून सकाळी लवकर आणि सावकाश वाळणारा थिनर घेऊन काम करावं लागतं. संध्याकाळी वावटळ सुटते, ती ओल्या क्लिअरवर धूळ आणून टाकते. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते. रंगासाठी बंद बूथ (खोली) असेल, आत साधारण ६० अंशांवर अर्धा तास भाजून काढत असतील, तर ऋतूचा प्रश्न उरत नाही.

घरी अंगणात येऊन रंग मारून द्याल का?

नाही. गाडीचा टूके (दोन घटकांचा) रंग हार्डनर घालून मारतात. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याची वाफ फुप्फुसाला कायमची इजा करू शकते, दमा जडवू शकते. तोंडाला रुमाल बांधून ते अडत नाही, योग्य मास्क लागतो. अंगणात पोरंबाळं असतात. आणि तुम्ही ज्या गॅरेजमध्ये गाडी देता तिथल्या पोराच्या तोंडावर काय आहे तेही बघत जा. गिऱ्हाइकाने विचारलं की मालक मास्क आणतो.

विम्याचा क्लेम करावा की खिशातून भरावं?

यावर जरा बसून हिशेब करा. लोक घाईत क्लेम टाकतात आणि पुढची चार-पाच वर्षं भरत राहतात.

आधी हे बघा की तुमच्या पॉलिसीत स्वतःच्या नुकसानीचा भाग आहे का. नुसता थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या बंपरला त्यातून काही मिळत नाही. असेल तर साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर ५० टक्के घसारा कापतात, गाडी कितीही नवी असो. रंगाच्या एकूण बिलातला २५ टक्के भाग सामान धरून त्याच्यावर ५० टक्के कापतात. मजुरीवर कापत नाहीत. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये तुम्हीच भरायचे. झिरो डेप (घसारा न कापणारं जोडसंरक्षण) घेतलं असेल तर घसारा वाचतो, हे हजार-दोन हजार तरी द्यावेच लागतात.

समजा बंपर ६,००० चा, रंग ४,००० चा, उतरवण-बसवण १,०००. कर बाजूला ठेवू. एकूण ११,०००. बंपरचे ३,०००, रंगाचे ५०० आणि सक्तीचे १,००० असे ४,५०० तुमचे, ६,५०० कंपनीचे. बरं वाटतं. आता नो क्लेम बोनसकडे, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीकडे बघा. तो क्लेम नसलेल्या वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. तुम्ही आज ३५ टक्क्यांवर आहात आणि स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० आहे असं धरा. क्लेम नसता तर पुढची पाच वर्षं ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के सूट मिळाली असती. क्लेम केल्यावर ०, २०, २५, ३५, ४५ मिळते. फरकाची बेरीज १२० टक्के, म्हणजे ९,६००. गाडीची किंमत उतरते तसा हप्ता थोडा कमी होतो, म्हणून आकडा जरा खाली येईल, पण मिळालेल्या ६,५०० पेक्षा गेलेले पैसे जास्तच. त्यातही हा बंपर जोडण्यासारखा असेल तर खिशातला खर्च ११,००० पेक्षा बराच कमी येतो.

मागे रेडिएटर, कंडेन्सर, हेडलाईट गेले असतील तर हिशेब उलटतो, तेव्हा क्लेम जरूर करा. बोनस शाबूत ठेवणारं संरक्षण पॉलिसीत जोडलेलं असेल तर तेही बघा. क्लेम करायचा ठरला तर कंपनीला लगेच कळवा आणि त्यांनी पाहणी करेपर्यंत बंपर उघडू नका. आधी उघडून ठेवला की वाद होतात.

पोलिसांत जावं लागतं का?

कुणाला लागलं असेल तर आधी दवाखाना, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. फक्त प्लास्टिक फुटलं असेल तर लोक जागेवरच मिटवतात. मिटवलंत तर कागदावर दोन ओळी आणि दोन्ही सह्या घ्या, त्याचा फोटो ठेवा.

पुढे लोखंडी गार्ड बसवला तर पुन्हा बंपर फुटणार नाही ना?

बंपर फुटणार नाही, धक्का सरळ चासीत (गाडीच्या सांगाड्यात) आणि तुमच्या मानेत जाईल. गाडीचा पुढचा भाग चेपण्यासाठीच बनवलेला असतो, तो चेपतो म्हणून आतला माणूस वाचतो. एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही गार्डने बिघडतं. पायी जाणाऱ्याला किंवा दुचाकीवाल्याला तर तो लोखंडाचा घण. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना याविरुद्ध कारवाई करायला सांगितलं आहे. आम्ही बसवून देत नाही, आलेले काढून देतो, त्याची मजुरी घेत नाही.

नंबरप्लेट वाकली, तुटली तर?

उच्च सुरक्षा नंबरप्लेट कोपऱ्यावरच्या पेंटरकडून करून घेता येत नाही. अधिकृत संकेतस्थळावरूनच पुन्हा मागवा. वाकलेली असेल तर ठोकून सरळ करू नका, त्यावरची होलोग्रामची खूण आणि लेझरचा क्रमांक खराब होतो.

पार्किंग सेन्सरच्या टिकल्यांवर रंग मारला तर?

कारखान्यात मारतात तेवढा पातळ थर चालतो. लांबी किंवा जाड रंग बसला की सेन्सर उगाच ओरडत राहतो. आम्ही काढून ठेवतो, वेगळा रंगवतो.

किती दिवस लागतात? नंतर काय जपायचं?

जोडकाम आणि रंग धरून दोन ते तीन दिवस. ‘संध्याकाळी देतो’ म्हणणाऱ्याकडे वाळायला वेळ नसतो. पहिला महिना मेण-पॉलिश लावू नका, सर्व्हिस सेंटरवर प्रेशरचं पाणी जवळून मारू देऊ नका. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी ओल्या कापडाने पुसा.

गाडी ताब्यात घेताना काय तपासायचं?

बोनेट आणि बंपरमधली फट डावीकडे-उजवीकडे सारखी आहे का, बोट फिरवून बघा. हॉर्न वाजवा, काच धुण्याचं पाणी उडतं का बघा, एसी लावून दहा मिनिटं गाडी उभी ठेवा आणि पंखा सुरू होतो का ऐका.

आणि शक्य असेल तर गाडी अंधार पडल्यावर घ्या. सपाट जागेवर, भिंतीपासून वीस-पंचवीस फुटांवर उभी करून डिपर (हेडलाईटचा खालचा झोत) लावा. दोन्ही हेडलाईटच्या प्रकाशाची वरची कड एका उंचीवर हवी. धडकेत हेडलाईटचे कान तुटतात, ते कसेतरी चिकटवले की एक दिवा झाडाच्या शेंड्याकडे बघतो आणि दुसरा खड्ड्यात. औशाच्या रस्त्यावर पुढे बिनदिव्याची ट्रॉली असते, तेव्हा या दोन दिव्यांशिवाय तुमच्याकडे दुसरं काही नसतं. दिवे वर-खाली असतील तर गाडी तिथेच ठेवा, मिस्त्रीला स्क्रू फिरवायला सांगा, भिंतीवर पुन्हा बघा.